सांगोवांगीचं सुपरव्हिजन

समुपदेशन किंवा मानसोपचार शिकणाऱ्या थेरपिस्टनं आपल्या केसेस अनुभवी थेरपिस्टसमोर मांडायच्या आणि त्यांच्या देखरेखीखाली शिकायचं, याला सुपरव्हिजन म्हणतात. त्याचा तास बहुतेक ठिकाणी असा जातो. ट्रेनी वही घेऊन येते. हातात सहा क्लायंट, वेळ एक तास. पहिल्या क्लायंटची माहिती सांगण्यातच बारा मिनिटं संपतात : वय, घरची परिस्थिती, तक्रार, मागच्या आठवड्यात काय झालं. सुपरव्हायझर ऐकतात, दोन प्रश्न विचारतात, एक सल्ला देतात. मग दुसरा क्लायंट. शेवटच्या दोघांची "त्यांचं ठीक चाललंय" एवढ्यावर बोळवण होते. लॉगबुकात तारीख पडते, सही होते, एक तास जमा.

या तासात एक गोष्ट कोणाला खटकत नाही, कारण ती अंगवळणी पडलेली असते. ज्या कामाबद्दल एवढं बोलणं चाललंय ते काम सुपरव्हायझरनी पाहिलेलंही नाही आणि ऐकलेलंही नाही. टाके घालायला शिकणाऱ्याला "काल कसे घातलेस ते सांग" म्हणून कोणी पुढच्या रुग्णाकडे पाठवत नाही. गाणं शिकणाऱ्याला "घरी रियाज कसा झाला" एवढंच विचारून सोडणारा गुरू नसतो. तो म्हणतो, गा. थेरपी मात्र अजूनही मोठ्या प्रमाणावर सांगोवांगीवर शिकवली जाते आणि त्याच सांगोवांगीवर तिचं मूल्यमापनही होतं.

माझं म्हणणं असं की अभ्यासक्रमांनी सुपरव्हिजनचे नुसते तास मोजणं थांबवावं. प्रत्यक्ष सेशनची किती मिनिटं ऐकली किंवा पाहिली गेली, ते मोजावं आणि प्रमाणपत्र देताना तेच धरावं. असा नियम येईपर्यंत ट्रेनीनं वाट बघत बसायचंही कारण नाही. तोच तास, तेच सुपरव्हायझर, पण आपण काय घेऊन खोलीत शिरतो यावर त्या तासातून किती निघणार हे बऱ्याच अंशी ठरतं.

सांगण्यात नेमकं काय निसटतं ते एका रचलेल्या उदाहरणातून पाहू. ट्रेनी सुपरव्हायझरना सांगते : "क्लायंट वडिलांच्या जाण्याबद्दल बोलायचं टाळतो. मी विषय काढून बघते, पण रेझिस्टन्स खूप आहे." सुपरव्हायझर यावर रेझिस्टन्सबद्दल, म्हणजे क्लायंटच्या अशा टाळण्याबद्दल, चार चांगल्या गोष्टी सांगतात, घाई करू नकोस म्हणतात, एक प्रकरण वाचायला देतात. सल्ला शहाणपणाचा आहे. आता त्याच सेशनचं रेकॉर्डिंग लावू. अठराव्या मिनिटाला क्लायंट म्हणतो, "परवा कपाट आवरताना बाबांचा स्वेटर सापडला." चार सेकंद शांतता. मग ट्रेनीचा आवाज, नेहमीपेक्षा किंचित वरच्या पट्टीत : "अच्छा. आणि झोपेचं काय? मागच्या वेळी आपण वेळापत्रक ठरवलं होतं." क्लायंट : "हो… झोप ठीक आहे आता." पुढची अकरा मिनिटं झोपेवर.

दार क्लायंटनं उघडलं होतं, लावलं ट्रेनीनं. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या आठवणीत "मी विषय काढला, तो बोलला नाही" असंच उरलं होतं, कारण त्या चार सेकंदांत तिच्या पोटात जे झालं ते टिपायला कोणी नव्हतं. रेझिस्टन्सवरचा सल्ला मग चुकीच्या माणसाच्या खात्यात जमा झाला.

विसरणं हा एक भाग झाला; दुसरा भाग लपवण्याचा. १९९६ साली निकोलस लॅडनी आणि सहकाऱ्यांनी १०८ शिकाऊ थेरपिस्टना विचारलं की सुपरव्हायझरपासून काय काय राखून ठेवलंत. ९७ टक्क्यांहून अधिक जणांनी काहीतरी राखून ठेवलेलं होतं. दर माणशी सरासरी आठ गोष्टी. सगळ्यांत जास्त लपवलं गेलं ते सुपरव्हायझरबद्दलचं नकारात्मक मत. त्याखेरीज वैयक्तिक अडचणी, हातून झालेल्या चुका, मूल्यमापनाची भीती. २०१० साली मेर, लॅडनी आणि कॅस्की यांनी एकाच सुपरव्हिजनच्या भेटीपुरता हाच प्रश्न विचारला, तेव्हाही ८४ टक्क्यांच्या आसपास लोकांनी त्या एका भेटीतही काहीतरी गाळलं होतं.

आणि जे लपवलं जात नाही ते तरी दिसतं का? २००५ साली हॅनन आणि सहकाऱ्यांनी एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातल्या थेरपिस्टना सांगितलं की आपल्या क्लायंटपैकी कोणाची तब्येत थेरपीअखेर बिघडलेली असेल ते ओळखा. ५५० क्लायंटपैकी त्यांनी तिघांची नावं घेतली. प्रत्यक्षात बिघडले ४० जण, आणि त्या तिघांपैकी एकच त्यात होता. २०१२ साली वॉलफिश आणि सहकाऱ्यांनी १२९ मानसिक आरोग्य व्यावसायिकांना स्वतःच्या कौशल्याला शंभरात कितवं स्थान द्याल असं विचारलं, तेव्हा एकानंही स्वतःला सरासरीखाली ठेवलं नाही. यांतले बरेच जण कसलेले होते. तेव्हा दुसऱ्या सेमिस्टरमधल्या मुलीनं "त्यांचं ठीक चाललंय" म्हटलं की त्यावर विसंबणं कितपत रास्त?

सांगण्याची ही परंपरा कुठून आली हेही समजून घेतलं पाहिजे, कारण ती निव्वळ आळसातून आलेली नाही. १९२० साली बर्लिनमध्ये मनोविश्लेषकांचं जे उपचार केंद्र सुरू झालं, तिथे माक्स आयटिंगन आणि सहकाऱ्यांनी प्रशिक्षणाला शिस्त लावली : स्वतःचं विश्लेषण, सैद्धांतिक अभ्यास आणि अनुभवी विश्लेषकाच्या देखरेखीखाली केस. रेकॉर्डिंगची सोय नव्हती, त्यामुळे केस सांगितली जायची. पुढे या सांगण्यालाच अर्थ आला. १९५५ साली मनोविश्लेषक हॅरॉल्ड सर्ल्स यांनी दाखवून दिलं की क्लायंट आणि थेरपिस्टमध्ये जे घडतंय त्याची छाया थेरपिस्ट आणि सुपरव्हायझरच्या नात्यावर पडते. असहाय झालेल्या क्लायंटची केस मांडताना ट्रेनीही असहाय होऊन "आता तुम्हीच सांगा" म्हणू लागते. हे निरीक्षण अस्सल आहे. कसं सांगितलं जातंय हाही पुरावाच असतो, हा त्या परंपरेचा दावा मला मान्य आहे. पण पुरावा ओळखायचा तर ताडून बघायला मूळ गोष्ट हवी. सांगताना ट्रेनी असहाय झाली ती क्लायंटमुळे, की सुपरव्हायझरच्या धाकामुळे, की आदल्या रात्री झोप झाली नाही म्हणून, हे टेपशिवाय कसं कळणार?

दुसरी परंपराही जुनीच आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ सालीच रेकॉर्ड केलेल्या मुलाखतींचा शिकवण्यासाठी उपयोग कसा होतो यावर लिहिलं. तेव्हा ध्वनिमुद्रण तबकड्यांवर व्हायचं, एक बाजू काही मिनिटांत भरायची. एवढा खटाटोप करून हाती लागलं ते हे की आपण क्लायंटला दिशा देत नाही असं मानणारे प्रत्यक्षात किती दिशा देतात ते त्यांना स्वतःच्या आवाजात ऐकू आलं. १९६०च्या दशकात मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत नॉर्मन केगन यांनी व्हिडिओ लावून मध्येमध्ये थांबवण्याची पद्धत बसवली. तीत थांबवण्याचं बटण ट्रेनीच्या हातात असतं, आणि समोरच्यानं चूक-बरोबर सांगायचं नसतं. फक्त विचारायचं की त्या क्षणी मनात काय चाललं होतं, काय बोलावंसं वाटलं आणि बोललं गेलं नाही. आज हे सारं खिशातल्या यंत्रावर होऊ शकतं, तरीही होत नाही.

आता कामाचं.

पहिली पायरी संमतीची, आणि बरीचशी रेकॉर्डिंगं इथेच अडतात, क्लायंटमुळे नव्हे तर विचारण्याच्या पद्धतीमुळे. "तुम्हाला चालणार असेल तर, म्हणजे काही जबरदस्ती नाही, पण आमच्या कोर्सला लागतं म्हणून…" असं चाचरत विचारलं तर कोणीही नकोच म्हणेल. सरळ सांगावं : "मी शिकाऊ थेरपिस्ट आहे. माझं काम नीट होतंय ना, हे माझे सुपरव्हायझर तपासतात. त्यासाठी आपलं बोलणं रेकॉर्ड करायला तुमची परवानगी हवी आहे. ते फक्त सुपरव्हायझर ऐकतील आणि अमुक दिवसांनी पुसलं जाईल. नाही म्हणालात तरी थेरपीत काही फरक पडणार नाही, आणि आज हो म्हणून पुढे कधीही नको म्हणू शकता." काही केंद्रांत रेकॉर्डिंग ही अटच असते, तिथे शेवटचं वाक्य खोटं ठरेल, म्हणून तिथे पहिल्या फोनवरच अट सांगून नको असल्यास दुसरीकडचा पत्ता द्यावा. रेकॉर्डिंगची संमती थेरपीच्या संमतीपत्रातल्या एका ओळीत दडपू नये. वेगळा कागद, त्यावर कोण ऐकणार, कुठे ठेवणार, कधी पुसणार. ग्रुपमध्ये ऐकवणार असाल तर तसं स्पष्ट लिहायचं.

यंत्र शक्यतो संस्थेचं, नेटला न जोडलेलं. स्वतःच्या फोनवर केलं तर घोटाळा हमखास होतो : फाईल आपोआप क्लाउडवर चढते, घरातल्या दुसऱ्या यंत्रावर उतरते; पुसली तरी बऱ्याच फोनमध्ये ती काही दिवस वेगळ्या फोल्डरात पडून राहते. फाईलला क्लायंटचं नाव नको, संकेतांक हवा. मेसेजिंग ॲपवरून सुपरव्हायझरना पाठवू नये, कितीही घाई असली तरी. आणि एक साधी गोष्ट : माइक क्लायंटच्या बाजूला सरकवा, पंख्यापासून लांब ठेवा. हळू बोलणारे, रडत बोलणारे तेच असतात. ट्रेनीचा आवाज ऐकू यायला सहसा अडचण नसते. सुरुवातीला अर्ध्या मिनिटाची चाचणी घेतली तर पन्नास मिनिटांची घरघर ऐकायची वेळ येत नाही.

आता कुठला तुकडा न्यायचा? सेशन झाल्यावर चोवीस तासांच्या आत एकदा सबंध ऐकावं, हातात पेन घेऊन, पण न थांबवता. स्वतःचा आवाज ऐकणं पहिल्या दोन-तीन वेळा नकोसं वाटतं. चौथ्यांदा माणूस आवाज सोडून शब्दांकडे लक्ष देऊ लागतो. ऐकताना फक्त वेळा टिपायच्या : जिथे पोटात गोळा आला, जिथे कंटाळा आला, जिथे आपण सलग एका मिनिटाहून जास्त बोललो, जिथे आवाज बदलला, जिथे क्लायंट "हो, बरोबर" म्हणून गप्प झाला. या खुणांमधून एकच पाच मिनिटांचा तुकडा निवडायचा. सगळ्यांत छान जमलेला तुकडा नेणं हा उघड मोह आहे. उलटा मोहही असतो, सगळ्यांत फसलेला तुकडा नेऊन आधीच शरणागती पत्करण्याचा, म्हणजे समोरचा धीरच देईल. न्यायचा तो न समजलेला तुकडा.

तो पाच मिनिटांचा तुकडा शब्दशः लिहून काढावा. सबंध सेशन लिहायच्या भानगडीत पडू नये. पन्नास मिनिटं उतरवायला चार-पाच तास लागतात आणि त्या श्रमातच समाधान मिळून जातं. पाच मिनिटांना अर्धा-पाऊण तास पुरतो. तीन रकाने करायचे : क्लायंट काय म्हणाला, मी काय म्हणाले, आणि तेव्हा माझ्या आत काय चाललं होतं. शांतता किती सेकंदांची ते कंसात. तिसरा रकाना लिहिताना हात अडखळतो तिथेच सुपरव्हिजनचा विषय असतो. वरच्या उदाहरणात स्वेटरच्या ओळीसमोर तिसऱ्या रकान्यात काय आलं असतं? कदाचित "हा आता रडेल आणि मला काय करायचं ते माहीत नाही." झोपेचं वेळापत्रक कुठून आलं ते मग कोणी समजावून सांगायला नको.

त्यावरून प्रश्न तयार करायचा, एकच. "या क्लायंटचं काय करू?" हा प्रश्न सुपरव्हायझरना सल्लागार बनवतो आणि ट्रेनीला निरोप्या. जनीन बर्नार्ड यांनी १९७९ साली सुपरव्हिजनचं जे प्रारूप मांडलं, त्यातली विभागणी इथे कामी येते : अडचण करण्यातली आहे, समजण्यातली आहे, की माझ्यातली? करण्यातली असेल तर प्रश्न असा : "तो स्वेटरबद्दल बोलला, तिथे त्याला थांबू देणारं एखादं छोटं वाक्य मला म्हणून बघायचंय." समजण्यातली असेल तर : "दुःखाचा विषय तो नेहमी सेशनच्या मधोमध आणि सहज बोलल्यासारखा काढतो, याचा मी काय अर्थ लावू?" स्वतःमधली असेल तर : "रडण्याची चाहूल लागली की मी कामाचं बोलायला लागते, हे तिसऱ्या क्लायंटबरोबर होतंय." एकाच टेपवर तीन वेगळे तास होऊ शकतात. कुठला हवाय ते न सांगता गेलो तर सुपरव्हायझर आपल्या आवडीचा निवडतात. शिकवायची हौस असलेले शिकवत बसतात, मन उकलायची हौस असलेले ट्रेनीचं बालपण काढतात.

तासाची वाटणी साधारण अशी असावी. पहिली पाच-सात मिनिटं सगळ्या क्लायंटवरून धावती नजर, तीही आकडे समोर ठेवून. दर सेशनला एखादी छोटी प्रश्नावली भरून घेतली तर हे सोपं जातं. नैराश्यासाठीच्या पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न असतात, गुण ० ते २७, भरायला दोन-तीन मिनिटं लागतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं असेल तर एकूण गुण कितीही कमी असोत, तो क्लायंट यादीत वर येतो. ज्यांचे गुण तीन-चार आठवडे हललेले नाहीत किंवा वाढलेत, तेही. याच वेळी आणखी एक तपासायचं : महिनाभर कोणाचं नावच निघालेलं नाही? हॅनन यांच्या अभ्यासात न ओळखले गेलेले ते जवळजवळ सगळे क्लायंट कुठे होते, तर "ठीक चाललंय"च्या यादीत.

त्यानंतरचा अर्धा तास एकाच तुकड्यावर. पाच मिनिटांची टेप थांबवत ऐकायला अर्धा तास सहज लागतो. मग दहा-बारा मिनिटं प्रत्यक्ष सराव, आणि हा भाग सर्रास गळतो. चर्चा रंगते, ट्रेनीला "आलं लक्षात" असं वाटतं, आणि पुढच्या सेशनमध्ये तोंडातून पुन्हा झोपेचं वेळापत्रक. कळणं आणि तोंडून निघणं यात अंतर आहे. म्हणून सुपरव्हायझरनी क्लायंटचं वाक्य त्याच्याच लयीत म्हणायचं, "परवा कपाट आवरताना बाबांचा स्वेटर सापडला", आणि ट्रेनीनं उत्तर द्यायचं. पहिल्यांदा ती म्हणेल, "मग तुम्हाला काय वाटलं?" वाईट नाही, पण परीक्षेतल्यासारखं. पुन्हा. "तुम्हाला खूप वाईट वाटलं असेल." हे त्याच्या तोंडात घातल्यासारखं. पुन्हा. "स्वेटर सापडला…" आणि मग गप्प, मनात दहा मोजेपर्यंत. तिसऱ्यांदा ते दहा आकडे मोजणं किती अवघड जातं ते दोघांनाही दिसतं, आणि तिथून खरं बोलणं सुरू होतं.

शेवटची पाच मिनिटं लिहायला. पुढच्या सेशनमध्ये मी कुठली एक गोष्ट वेगळी करणार, आणि ती झाली की नाही हे पुढच्या टेपमध्ये कुठे ऐकायचं. हा धागा नसेल तर सुपरव्हिजनचे सल्ले दर आठवड्याला नवे येतात आणि जुने विरून जातात. इथली नेहमीची चूक म्हणजे सुपरव्हायझरचं वाक्य उसनं घेऊन जसंच्या तसं क्लायंटसमोर ठेवणं. ते वाक्य मागच्या आठवड्यातल्या क्षणासाठी होतं. क्लायंट एव्हाना भलतीकडे पोचलेला असतो. उसनी नेण्याजोगी गोष्ट म्हणजे कौशल्य, इथे थांबण्याचं.

सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) शिकणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. थेरपिस्टचं कौशल्य मोजणाऱ्या सीटीएस-आर नावाच्या मापनपट्टीत बारा मुद्दे असतात, प्रत्येकी ० ते ६ गुण, एकूण ७२. बऱ्याच अभ्यासक्रमांत ३६ ही पास होण्याची रेषा. सुपरव्हायझरनी गुण देण्याआधी ट्रेनीनं त्याच टेपला स्वतः गुण द्यावेत आणि मग दोन्ही ताडून बघावेत. एकूण बेरजेपेक्षा फरक कुठल्या मुद्द्यावर दोन गुणांहून जास्त पडला ते बघण्यात फायदा आहे.

ग्रुप सुपरव्हिजनबद्दल थोडक्यात : चार ते सहा जण, एका वेळी एकच टेप, आणि पहिली पंधरा मिनिटं सल्ला द्यायला बंदी. एकानं क्लायंटच्या जागी बसून ऐकायचं, एकानं फक्त प्रश्न मोजायचे. कामं वाटून दिली नाहीत तर सगळ्यात जास्त बोलणारा सुपरव्हायझर होऊन बसतो.

आता या सगळ्याला असलेला सगळ्यात वजनदार आक्षेप. जो ऐकणार तोच गुण देणार, मग कोण स्वतःहून फसलेली टेप नेईल? लॅडनी यांच्या अभ्यासातले ट्रेनी भित्रे नव्हते, व्यवहारी होते. ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८०च्या दशकात सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली : शिकवणं, दर्जा राखणं आणि थेरपिस्टला उभं राहायला बळ देणं. दुसरं काम तिसऱ्याच्या मुळावर येऊ शकतं. म्हणून "ट्रेनीनं मोकळं व्हावं" हा उपदेश मला अर्धवट वाटतो. मोकळं होण्याची किंमत कमी करणं हे ज्याच्या हातात सत्ता आहे त्याचं काम. ते करता येतं. पहिल्याच भेटीत लेखी करार : मूल्यमापन कधी, कुठल्या निकषांवर, इथलं कोणतं बोलणं कोर्सकडे जाईल आणि कोणतं जाणार नाही. गुण देण्यासाठीच्या टेप वेगळ्या आणि शिकण्यासाठीच्या वेगळ्या, आधीच ठरवून. सेमिस्टरच्या मधोमध एक आढावा, म्हणजे नापास होणं शेवटच्या आठवड्यात आकाशातून पडत नाही. सुपरव्हायझरबद्दलच तक्रार असेल तर जायला एक नाव, जे सुपरव्हायझरच्या हाताखालचं नसेल. आणि पहिली टेप सुपरव्हायझरनी स्वतःची लावावी, अडखळलेली. बाकी कुठल्याही आश्वासनापेक्षा तेवढी पाच मिनिटं जास्त काम करतात.

ट्रेनीच्या बाजूनंही काही गोष्टींना पुढच्या तासापर्यंत थांबायची मुभा नाही. आत्महत्येचा किंवा कोणाला इजा करण्याचा विचार, मुलावर अत्याचार होत असल्याची शंका, गोपनीयता फुटणं, मर्यादा ओलांडली जाणं : हे त्याच दिवशी, फोन करून, आणि काय ठरलं ते नोंदीत. सगळ्यात अवघड जातं ते क्लायंटबद्दल वाटणारं आकर्षण बोलणं. भावना म्हणून ते दुर्मीळ नाही. धोका असतो तो ते लपवून ठेवून कपडे, वेळा, मेसेज यांत ते झिरपू देण्यात. सुरुवातीला एक वाक्य पुरतं : "या क्लायंटच्या सेशनची मी जरा जास्तच वाट बघते, त्याबद्दल बोलायचंय." त्यावर सुपरव्हायझरनी ट्रेनीची थेरपी सुरू करू नये. सीमा ओळखायची खूण अशी की ट्रेनीच्या आयुष्यात शिरलेला प्रश्न काही मिनिटांत परत क्लायंटकडे येतो का. येत नसेल तर तो विषय ट्रेनीच्या स्वतःच्या थेरपिस्टकडचा.

टेपमुळे मतभेदही सोपे होतात. "मॅडम, मला तसं वाटत नाही" म्हणायला धाडस लागतं, "तुम्ही सुचवलेलं करून बघितलं, बाविसाव्या मिनिटाला काय झालं ते ऐकूया का?" याला तेवढं लागत नाही. ज्या सुपरव्हायझरना महिनोन्महिने काहीच ऐकायचं नसतं, जे तासभर स्वतःच्या जुन्या केसेस सांगतात, त्यांच्याशी मात्र टेप घेऊन गेलं तरी फारसं जमत नाही. तिथे कोर्सकडे बदली मागणंच बरं, आणि मागताना स्वभावाबद्दल न बोलता "चार महिन्यांत एकही सेशन ऐकलं गेलेलं नाही" एवढं लेखी द्यावं.

रेकॉर्डिंग नेहमी योग्य असतं असं नाही. ज्याला आधीच आपल्यावर पाळत ठेवली जातेय असं वाटतं, ज्याची चित्रफीत काढून कोणी छळलेलं आहे, ज्याचा खटला चालू आहे, त्यांच्याबाबतीत सुपरव्हायझरशी बोलून ते टाळावं. तिथे सुपरव्हायझरनी खोलीत बसणं, एकतर्फी काचेआडून पाहणं किंवा दोघांनी मिळून सेशन घेणं हे पर्याय आहेत. यातलं काहीच शक्य नसेल तर सेशननंतर पहिल्या वीस मिनिटांत, दुसऱ्या क्लायंटला भेटण्याआधी, आठवतील तेवढी वाक्यं शब्दशः लिहावीत. आणि सुपरव्हिजनमध्ये ट्रेनीनं क्लायंट व्हावं, सुपरव्हायझरनी थेरपिस्ट. क्लायंटच्या खुर्चीत बसून त्याचं वाक्य बोलताना सांगताना न आलेले तपशील बाहेर येतात.

सुपरव्हिजनमुळे क्लायंट खरंच बरे होतात का, हा प्रश्न टाळता येणार नाही. २००६ साली बॅम्ब्लिंग आणि सहकाऱ्यांनी नैराश्याच्या १२७ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात ज्यांच्या थेरपिस्टना सुपरव्हिजन मिळत होतं त्या रुग्णांना जास्त आराम पडला. पण २०१६ साली रूसमनियर आणि सहकाऱ्यांना, हजारो क्लायंटची माहिती तपासूनही, सुपरव्हायझर कोण आहे यावर क्लायंटच्या सुधारणेतला एक टक्काही फरक अवलंबून असलेला दिसला नाही. या दुसऱ्या निष्कर्षाचा अर्थ "सुपरव्हिजन निरुपयोगी" असा लावणारे घाई करतात. त्यात सुपरव्हायझर-सुपरव्हायझरमधला फरक मोजला होता, सुपरव्हिजन असणं आणि नसणं यांतला नव्हे. तरीही तो बोचरा आहे. नामवंत सुपरव्हायझर मिळाले की काम झालं, या समजुतीला त्यानं धक्का दिला आहे. त्या तासात काय घडतं हे बघितल्याशिवाय तासांची संख्या वाढवत नेणं म्हणजे न मोजता औषधाचा डोस वाढवणं.

धोरणाच्या पातळीवर पाऊल पडलेलं आहे, पण छोटं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१५च्या मान्यता-निकषांत दर मूल्यमापनाच्या कालावधीत ट्रेनीचं काम प्रत्यक्ष पाहणं किंवा ऐकणं बंधनकारक आहे. म्हणजे सहा महिन्यांत एक सेशन ऐकलं तरी नियम पाळला गेला. माझ्या मते दर चार तासांच्या सुपरव्हिजनपैकी निदान तीन तासांत टेप वाजली पाहिजे, आणि प्रत्येक क्लायंटचं एखादं सेशन तरी पूर्ण ऐकलं गेलं पाहिजे. याला पैसे लागतात. एक तास भेटणं आणि वर पाऊण-एक तास ऐकणं, हे सुपरव्हायझरच्या कामाच्या तासांत धरून त्याचा मोबदला दिला नाही तर नियम कागदावर राहील, कारण पदरमोड करून ऐकणारे थोडेच. संस्था म्हणतील, इतके सुपरव्हायझर कुठून आणायचे? मग ट्रेनी कमी घ्यावेत. ज्यांचं काम ऐकायला माणूस नाही, त्यांना क्लायंटसमोर बसवायचं कशाच्या भरवशावर?

लॉगबुकात सध्या तारीख, तास आणि सही असे रकाने असतात. त्यांच्या शेजारी आणखी एक आखायला पट्टी आणि पेन पुरतं : ऐकलेली मिनिटं. पहिल्या महिन्यात तिथे शून्यच जास्त दिसतील. तीही तशीच लिहावीत, आणि खाली सही सुपरव्हायझरची घ्यावी.